डाव्या बाजूची शिवण

ब्लाउज डाव्या बाजूला घट्ट झाला तेव्हा मी तो उसवला. शिवणारी बाई दुसरं काय करणार? बदलापूरला कात्रपमधल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर माझं दुकान आहे. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हापासून मी तिथे बायकांचे ब्लाउज शिवते. जुना ब्लाउज घेऊन बायका येतात आणि काउंटरवर आपटून म्हणतात, "ताई, कापड आटलं हो." मी म्हणते, "कापड नाही आटलं, तुम्ही वाढलात." तोंडाला मी फटकळ आहेच, त्यामुळे गिऱ्हाइकं तुटतात आणि तरी परत येतात, कारण माझ्या बाहीचा मुंढा कुणाच्या काखेत कधी चुणत नाही. पण माझा स्वतःचा ब्लाउज अडला, तेव्हा मीही मनात तेच म्हटलं. अस्तर आटलं असेल.

शिवणीच्या आत आम्ही थोडं कापड जास्तीचं सोडतो, त्याला माया म्हणतात. पुढेमागे बाई जाड झाली तर शिवण उसवायची आणि त्या मायेतून वाढवून द्यायचं. मी डावीकडची शिवण उसवली, अर्ध्या बोटाने बाहेर घेतली, इस्त्री फिरवली आणि कामाला लागले. दिवाळीनंतरचे दिवस होते, लग्नाचे ब्लाउज डोक्यावर होते. थोड्या दिवसांनी तो पुन्हा अडला. पुन्हा उसवला. मग आरशात पाहिलं तर डावी बाजू भरलेली आणि उजवी बसलेली दिसायला लागली. धंदेवाईक नजरेला असलं काही सहन होत नाही. मी उजव्या बाजूला आतून कप लावायचं ठरवलं.

कप, हुक, लटकन, अस्तर असलं सगळं सामान मी उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारातून आणते. तिथला सिंधी दुकानदार मला अदी म्हणतो, त्यांच्यात ताईला अदी म्हणतात. "अदी, नया माल आया है, हाथ लगाके देखो, एकदम असली जैसा," असं म्हणून त्याने कपांचा ढीग पुढे टाकला. मग गल्लीकडे बघत म्हणाला, "भाईसाब नहीं दिखे बहुत दिन से? गाडी लगा रहे क्या?" माझा नवरा नेहमी स्कूटरवर मला घेऊन यायचा आणि गल्लीच्या तोंडाशी पार्किंगवरून कुणाशी तरी भांडत उभा असायचा. तो जाऊन आता तीन वर्षं होतील. हे त्या दुकानदाराला मी कधी सांगितलंच नव्हतं. "हां, लगा रहे," म्हटलं आणि कप घेऊन निघाले.

हे सगळं मी का करत होते ते कळायचं तर एक गोष्ट सांगावी लागेल. ती माहीत असलेला घरचा एकच माणूस होता आणि तोही गेला. माझी डावी बाजू माझी नाही.

मुलगी पुण्याला हॉस्टेलवर शिकत होती त्या काळात माझ्या डाव्या स्तनात गाठ निघाली. गाठ कॅन्सरची होती, आणि एका ठिकाणी नव्हती, पसरलेली होती. मुंबईच्या एका हॉस्पिटलात सगळा स्तनच काढला. किमो लागला नाही, गोळ्यांवर भागलं, केस शाबूत राहिले. त्यामुळे लपवणं सोपं गेलं. घरात, भावकीत, मुलीला, सगळ्यांना आम्ही सांगितलं की साधी गाठ होती, काढली. कारण सरळ होतं. आम्ही आगरी लोक, गावं जवळजवळ, सगळी एकमेकांच्या नात्यातली. आज अंबरनाथला कुणी शिंकलं तर संध्याकाळी बदलापुरात त्याचा ताप मोजतात. आईला कॅन्सर म्हटल्यावर पोरीला स्थळ आलं असतं का? "त्यांच्या घरात आहे तो आजार," एवढं एक वाक्य पुरे होतं. नवरा म्हणाला, पोरीचं लग्न होईपर्यंत गप्प राहू. लग्न झालं, जावई चांगला मिळाला, ती नाशिकला गेली. आणि मग गप्प राहण्याची सवय झाली.

आधी मी स्वतःच एक पिशवी शिवली होती. सुती कापडाची, आत मोहरी भरलेली, वजनाला बरोबर, आकाराला बरोबर. मला त्या पिशवीचा अभिमानच वाटायचा. पण पुतण्याच्या हळदीत बेंजो सुरू झाला, सगळ्या बायका एका रंगाच्या साड्या नेसून नाचायला लागल्या आणि नणंदेने मला ओढलं. आमच्या हळदीत नाचायला नाही म्हणणाऱ्या बाईला गर्विष्ठ समजतात. नाचता नाचता पिशवी सुटली आणि घसरत कमरेपाशी येऊन बसली. नणंदेचं लक्ष बरोबर तिथेच. "कं गो वैनी, कमरंला कं बांधलंस?" मी म्हटलं, "किल्ल्यांचा बटवा." पदर गच्च धरून उरलेलं गाणं मी एका हाताने नाचले. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो आधी ओठ दाबून बसला, मग फुटलाच. मीही हसले. इतकी हसले की थांबता येईना आणि मग ते हसणं राहिलं नाही. तो म्हणाला, "मला काही नको आहे गं. तुला हवं असेल तर करू."

मला हवं होतं. दिवसभर बायकांच्या अंगाला टेप लावते मी, त्यांची छाती मोजते, आणि माझ्याकडे बघून कुणाच्या मनात काय येईल या धास्तीने खांदा पुढे काढून उभी राहते, याचा मला कंटाळा आला होता. डॉक्टरांनी आधी आत एक फुगा ठेवून हळूहळू कातडी ताणली आणि मग तिथे सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं. त्या दिवसापासून माझा खांदा सरळ झाला. ते चुकीचं केलं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. नवरा होता तोवर तपासण्यांना नेमाने गेले. तो स्कूटर काढायचा, मी मागे बसायची. तो गेल्यावर एकटीने तिथे जाऊन बाकावर बसायचं मला जमलं नाही.

तर अशी मी, खऱ्या बाजूला खोटा कप लावून खोट्या बाजूशी तिची बरोबरी करत होते. आणि काम नीट जमलं म्हणून खूषसुद्धा होते.

मग एका दुपारी कापायच्या टेबलावर वाकले असताना डावीकडे काहीतरी हललं. दुखलं नाही. भरलेली पाण्याची पिशवी उचलताना आतलं पाणी जसं एकीकडे येतं, तसं. मी कात्री खाली ठेवली. दरवाजा लावून ब्लाउज काढला, शिवण पाहिली. माया संपली होती. आणखी उसवायला कापडच उरलं नव्हतं. तेव्हा कुठे मला भीती वाटली.

अंबरनाथला एक सर्जन बाई बसतात, गिऱ्हाइकांच्या तोंडून त्यांचं नाव ऐकलं होतं. स्कूटी काढली आणि गेले. त्यांनी तपासलं, जुनं सगळं विचारून घेतलं आणि मग म्हणाल्या, "किती दिवसांपासून सूज आहे?" मी म्हटलं, "दोनदा ब्लाउज उसवला." त्यांनी पेन खाली ठेवला. "म्हणजे?" मी सगळं सांगितलं, कपासकट. त्या हसल्या नाहीत. थोडं हसल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"तुमचं इम्प्लांट बाहेरून खरखरीत होतं की गुळगुळीत?" त्यांनी विचारलं.

जगातलं कुठलंही कापड समोर आणा, डोळे मिटून सांगते. क्रेप, कॉटन सिल्क, खण, बनारसीतली खरी जर आणि सुरतेची जर. पण माझ्याच छातीतल्या वस्तूचा पोत मला माहीत नव्हता. कुणी विचारेल असं वाटलंच नव्हतं. ती बसवण्याआधी डॉक्टरांनी काय काय सांगितलं होतं त्यातलं मला फक्त आकार आठवत होता.

मग त्या सर्जन बाईंनी शांतपणे समजावलं. इम्प्लांटभोवती शरीर स्वतःचं एक पातळ आवरण तयार करतं. क्वचित, फार क्वचित, आणि बहुतेक खरखरीत इम्प्लांट असलेल्या बायकांमध्ये, त्या आवरणात एक कॅन्सर होऊ शकतो. तो स्तनाचा कॅन्सर नव्हे. तो लिम्फोमा, रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या जातीचा. इम्प्लांट बसवल्यावर बऱ्याच वर्षांनी तो डोकं वर काढतो, आणि पहिली खूण बहुतेक वेळा हीच असते, एका बाजूला पाणी साचून सूज येणं. वेळेत सापडला तर इम्प्लांट आणि ते आवरण काढून बरेचदा भागतं. "साधं पाणीही असू शकतं," त्या म्हणाल्या. "पण पाणी काढून तपासल्याशिवाय मी तुम्हाला काहीच सांगणार नाही. नुसती नेहमीची तपासणी नको, मी त्या आजाराची खूण शोधायला लिहून देते."

"म्हणजे एका कॅन्सरची जागा भरायला जे घातलं, त्यातून दुसरा?" मी विचारलं.

"शक्यता लहान आहे," त्या म्हणाल्या. "पण आहे."

घरी येताना रस्ता खोदलेला होता, डंपरमागे अडकले. रडू येत नव्हतं, राग येत होता. कुणावर, ते कळत नव्हतं. डॉक्टरांवर नाही, नवऱ्यावर थोडा होता. त्याने आत्ता पुढे बसून हॉर्न वाजवायला हवा होता.

सोनोग्राफी आणि पाणी काढायचं काम कॅम्प पाचला एका सेंटरवर झालं. खाली जीन्स शिवायच्या मशिनी चालतात, त्यांची घरघर वरपर्यंत येते. मला त्या आवाजाने उलट धीर आला. सिस्टरने विचारलं, "सोबत कोण आलंय?"

"मिस्टर आहेत. खाली गाडी लावतायत."

कसं निघालं तोंडातून, माहीत नाही. "त्यांना वर बोलवून घ्या मावशी," ती म्हणाली. मी म्हटलं, "इथे पार्किंग मिळायला वेळ लागतो." ते तिलाही पटलं, उल्हासनगरात कुणालाही पटेल. मग मी पडद्यावर बघत पडून राहिले. काळ्या रंगात एक वळकटी दिसत होती आणि तिच्याभोवती आणखी काळं काही. सुई जाताना सिस्टरने माझा हात धरला. नळीत गढूळ पिवळं पाणी आलं, कमी नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "चला, झालं." ब्लाउज घातला तर तो डावीकडे ढिला झाला होता. बाहेर पडताना सिस्टर म्हणाली, "काका आले नाहीत वाटतं अजून?" मी जिना उतरायला लागले.

रिपोर्ट यायला वेळ लागणार होता, दूर कुठल्या मोठ्या लॅबला जाणार होतं ते पाणी. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. काम भरपूर होतं. नवऱ्या मुली येत होत्या, आया येत होत्या, "ताई, पाठीला दोरी हवी, पण सासूला चालेल अशी," असल्या फर्माइशी चालल्या होत्या. मी एकेकीला टेप लावायची आणि मनात म्हणायची, हिच्या आत काय चाललंय कुणाला ठाऊक. एकदा मोबाईलवर त्या आजाराबद्दल बघायला गेले आणि अर्ध्यात बंद केला. चांगलं-वाईट सगळं लिहिलेलं होतं आणि वाईटच तेवढं डोळ्यांना दिसत होतं.

एका रविवारी नणंद गावाहून येऊन गेली. वालाच्या शेंगा घेऊन आली होती. दारातच म्हणाली, "कवरी सुकलीस गो! जेवतंस का नाय?" चांगली बाई आहे. जीव लावते. मी चहा टाकला आणि ठरवलं, हिला सांगू. पण कुठून सुरू करू? पाण्याचं सांगायचं तर इम्प्लांटचं सांगावं लागणार. इम्प्लांटचं सांगायचं तर स्तन काढल्याचं. मग साध्या गाठीचं खोटं. मग तिच्या भावाने तिच्यापासून दडवलेलं. एका भीतीपर्यंत पोचायला तिला एवढे मजले चढवायचे होते आणि लिफ्ट नव्हती. मी शेंगा निवडत बसले. ती भावकीतल्या जमिनीच्या वाटणीचं सांगत राहिली आणि संध्याकाळच्या आत निघून गेली.

मुलीचा फोन रोज आठला येतो. "जेवलीस?" "जेवले." "गुडघा?" "बरा आहे." "ऑर्डर्स आहेत का गं?" "आहेत की." तेवढंच. आमचं प्रेम नाही असं नाही, भरपूर आहे. पण माझ्या अंगाबद्दल आमचं बोलणं गुडघ्याच्या वर कधी गेलंच नाही. फोन ठेवल्यावर खोली एवढी गप्प व्हायची की मी पंख्याचा वेग वाढवायची. नवरा गेला तेव्हा मी एकटी झाले असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. तेव्हा रडायला गल्लीतली चार माणसं होती. खरी एकटी मी त्या दिवसांत झाले.

रिपोर्ट आल्याचा फोन एका दुपारी आला. मी अंबरनाथला जाईपर्यंत मनात सगळी तयारी केली होती. काय म्हणायचं, कुठे सही करायची, दुकानाचं काय, कुणाला काय थाप मारायची. सर्जन बाईंनी कागद पूर्ण वाचला आणि म्हणाल्या, "तो आजार नाही."

मी विचारलं, "नक्की?"

"या पाण्यात त्याची खूण नाही, सोनोग्राफीतही गाठ वगैरे नाही. पण आता तपासण्या चुकवायच्या नाहीत. पुन्हा सूज आली तर त्याच आठवड्यात यायचं. उसवत बसायचं नाही." या वेळी त्या हसल्या. "इम्प्लांट ठेवायचं की काढायचं, ते घाई न करता ठरवू. घरी बोला. आणि मुलगी आहे ना तुम्हाला? तुमच्या पहिल्या आजाराचं तिला माहीत आहे ना? तिनेही वेळेवर तपासायला हवं."

"हो, हो," मी म्हटलं.

खाली आले. ऊन होतं, रिक्षावाले ओरडत होते. जिवात जीव आला म्हणतात तो अगदी अंगात जाणवला. मला काहीतरी करायचं होतं. समोर मिठाईचं दुकान होतं, तिथून पेढे घेतले. दुकानदार पुडा बांधताना म्हणाला, "काय खुशखबर?" "मुलगी पास झाली," मी म्हटलं. त्याने माझ्या पांढऱ्या केसांकडे एकदा पाहिलं आणि दोऱ्याला गाठ मारली.

कात्रपला आले आणि पुडा काउंटरवर ठेवला तेव्हा लक्षात आलं की हे पेढे मला वाटताच येणार नाहीत. शेजारचा मेडिकलवाला, वरच्या मजल्यावरची बाई, समोरची पोळीभाजीवाली, जो कुणी पेढा घेईल तो आधी विचारणार, कशाचे? पेढा कुणी मुकाट्याने खात नाही आपल्याकडे. वाईट बातमीसाठी मी थापा तयार ठेवल्या होत्या. चांगलीसाठी काहीच नव्हतं. ती ऐकून हरखायला आधी कुणाला तरी भीती वाटायला हवी होती, आणि भीती मी कुणालाच दिली नव्हती. एवढा मोठा आनंद झालेला आणि तो कळेल असं या जगात कुणी नाही, हे त्या आजारापेक्षा मला जड गेलं.

मी शटर अर्धं ओढलं आणि मुलीला फोन लावला.

"आई? आत्ता? काय झालं?" आठच्या आधीचा फोन म्हणजे तिच्या लेखी अपघातच.

"काही झालं नाही. तेच सांगायला फोन केला."

"म्हणजे?"

मग मी सांगितलं. शेवटापासून सुरू केलं. रिपोर्ट चांगला आला म्हटलं, मग रिपोर्ट कशाचा ते, मग पाणी, मग इम्प्लांट, मग ऑपरेशन, मग ती हॉस्टेलवर असतानाची ती गाठ. तिच्या तपासणीचंही सांगितलं, कारण ते सांगायलाच हवं होतं. मध्ये ती एकदाही बोलली नाही. एरवी ती मला वाक्य पुरं करू देत नाही, बोलण्यात माझ्यावरच गेली आहे. मला वाटलं फोन कट झाला. "आहेस ना?" मी विचारलं.

"आहे."

मला वाटलं आता ती चिडेल. इतकी वर्षं लपवलंस म्हणेल, बाबांनीही सांगितलं नाही म्हणेल. मी उत्तर तयार करत होते. तुझ्या लग्नासाठी केलं, असं म्हणायचं ठरवत होते.

"आई," ती म्हणाली. आवाज अगदी लहान झाला होता. "कुठल्या बाजूला गं?"

ती सासरी गेली तेव्हा मला घट्ट धरून किती वेळ उभी होती. दर दिवाळीला आली की दारातच मिठी मारते. बाप गेला त्या दिवशी तर दिवसभर माझ्या छातीशी होती. माझी शिवण इतकी चांगली होती की तिला काही कळलं नव्हतं. कुणाला कळू नये यासाठीच तर सगळं केलं होतं मी, आणि ते साधलं होतं.

"डाव्या," मी म्हटलं आणि रडायला लागले. कॅन्सर झाला तेव्हा अशी रडले नव्हते. पोटच्या पोरीला आपल्या आईची कुठली बाजू खरी ते विचारावं लागलं, त्याचं रडू होतं ते.